डिझेलची वाटी एकदाच ओरडली

मी एक जुनी काचेची वाटी आहे. ताटात ठेवतात तसली नाही हं! मला कोणी ताटात ठेवलं असतं, तर जेवणाऱ्याच्या कानांतून धूर निघाला असता. मी ट्रकच्या पोटाशी, पुढच्या डाव्या चाकाच्या मागे, तारेच्या कमानीत अडकून बसलेली असायचे. मुठीएवढी. टाकीतून डिझेल निघालं की सगळ्यात आधी माझ्याकडे यायचं, घटकाभर टेकायचं आणि मग पुढे इंजिनाकडे जायचं.

मित्रांनो, माझा जन्म काचेच्या कारखान्यात झाला. तिथली भट्टी इतकी तापायची, की दारावरून जाणाऱ्या कोंबड्या थेट उकडलेली अंडी घालायच्या. खोटं वाटतं? वाटू द्या. मी तेव्हा वितळलेली होते, मला तरी कुठे नीट दिसत होतं! पण एवढं खरं, की साच्यातून बाहेर आले तेव्हा मी लख्ख होते. कारागिराने मला उजेडात धरलं, टिचकी मारली, मी 'टिण्' केलं आणि तो म्हणाला, "पास."

माझं काम दिसायला सोपं. डिझेलमध्ये पाणी असतं, माती असते, टाकीचा गंज असतो. डिझेल हलकं, ते वर राहतं. पाणी आणि घाण जड, ती माझ्या तळाशी बसते. मी काचेची, म्हणून बाहेरूनच दिसतं किती साचलंय ते. एका पावसाळ्यात माझ्या तळाशी इतकं पाणी साचलं, की एक बेडूक बायकोला घेऊन जागा बघायला आला होता. वास आवडला नाही म्हणून परत गेला.

माझ्यावर हातपंप. हातपंपाच्या पुढे डब्यासारखा फिल्टर, त्याच्या आत घड्या घातलेला कागद. मी जाडीभरडी घाण अडवायची, कागदाने बारीक. फिल्टरच्या पुढे मोठा पंप, आणि सगळ्यात शेवटी इंजिनात बसलेल्या चौघी जणी. नोझल म्हणतात त्यांना. माझ्या बहिणीच म्हणा. फार नाजूक! त्यांच्या तोंडाला केसाहून बारीक भोकं. त्यातून त्या डिझेलचा असा फवारा सोडतात, की धुकंच जणू. धुकं चांगलं तर ट्रक चढावरही गुणगुणत जातो. पण डोळ्याला न दिसणारा मातीचा एक कण भोकात अडकला, की फवाऱ्याची होते धार. मग इंजिन ठोके घालतं, मागून भसाभसा धूर निघतो, अंगातली ताकद जाते. म्हणून आमच्या घराचा एकच नियम होता: बहिणींपर्यंत घाण जाऊ द्यायची नाही.

आणि तो नियम पाळणारा माणूस म्हणजे थेंबेमास्तर.

मास्तर कसले, ट्रकचे ड्रायव्हर. पण रोज सकाळी गाडी सुरू करायच्या आधी ते उकिडवे बसायचे, टाकीकडचा कॉक, म्हणजे तोटी, बंद करायचे, माझ्या कमानीची चक्री सैल करून मला अलगद बाहेर काढायचे आणि माझ्यातलं सगळं एका पांढऱ्या झाकणात ओतायचे. मग एकेक थेंब निरखायचे. पाण्याचा थेंब झाकणावर गोळी होऊन पळतो, डिझेलचा पसरतो. बाकीचे ड्रायव्हर चहा पीत टोमणे मारायचे, "काय मास्तर, आज किती थेंब पास, किती नापास?" त्यावरूनच ते नाव पडलं.

मास्तर म्हणायचे, "हसा. चढावर तुमची गाडी खोकायला लागली की मी हॉर्न वाजवून पुढे जाईन." आणि खरंच जायचे.

मला परत बसवताना ते पाना कधीच लावत नसत. चक्री बोटांनी फिरवायचे, हळूहळू. त्यांची लेक सात वर्षांची होती तेव्हापासून शेजारी उकिडवी बसायची. एकदा तिने विचारलं, "बाबा, कुठे थांबायचं ते कसं कळतं?"

"काच आहे ना बाळा, ती सांगते. बोटाला कळतं."

"मला नाही कळत."

"कळेल. अजून तुझी बोटं दुधाची आहेत."

लेक चोवीस वर्षांची झाली, ट्रकचं लायसन्स घेऊन आली, आणि तेव्हाच माझ्या काळजीला सुरुवात झाली. तिच्यामुळे नाही हो. मास्तरांच्या हातामुळे.

मित्रांनो, सतरा वर्षं रोज सकाळी ज्या बोटांनी मला धरलं, ती बोटं मला ओळखू येणार नाहीत का? एके दिवशी ती वेगळी लागली. चक्री पकडली, सुटली. पुन्हा पकडली, पुन्हा सुटली. मास्तरांनी इकडेतिकडे बघितलं आणि हात मांडीवर चोळला. दुसऱ्या दिवशीही तेच. आठवडाभराने ते लेकीला म्हणाले, "आजपासून वाटी तू काढायचीस. शिकायला नको?" लेकीला कोण आनंद! मला मात्र कळलं, की हे शिकवणं नव्हे, हे लपवणं आहे. पण मी सांगणार कशी? आणि कोणाला?

लपवायला कारणही होतं. ट्रक दोघा भावांचा. भाडी आणायची ती धाकट्या भावाने, म्हणजे लेकीच्या काकाने. काकाचा आवाज मोठा आणि घाई त्याहून मोठी. त्याला लेकीने गाडी चालवणं अजिबात मंजूर नव्हतं.

"स्टिअरिंग म्हणजे काय आरसा आहे, समोर बसून राहायला?" तो म्हणायचा.

"काका, आरसे गाडीला तीन आहेत," लेक म्हणायची. "तुम्ही एकातही बघत नाही, म्हणून तर मागचा दिवा फुटला."

मास्तर मिशीत हसायचे. पण मनात भीती अशी, की हाताचं कळलं तर भाऊ किल्ली काढून घेईल. तीस वर्षं ज्याची ओळखच ड्रायव्हर, त्याच्या खिशात किल्ली नसेल तर तो काय म्हणून सकाळी उठेल? शेवटी खूप वाद होऊन ठरलं: लेकीने एक फेरी एकटीने करून दाखवायची. फेरी नीट झाली तर किल्ली तिलाही. नाही झाली तर हा विषय पुन्हा काढायचा नाही.

माल होता कोंबडीची एका दिवसाची पिल्लं. भोकं पाडलेली खोकी, खोक्यात पिवळे गोळे, सगळे एकदम बोलणारे. असा माल रस्त्यात थांबून चालत नाही. गाडी चालू असेल तर वारा लागतो, थांबली की खोकी तापतात.

फेरीच्या आदल्या दिवशी दुपारी मास्तरांनी फिल्टर बदलायला काढला. लेकीसाठीच हो! पोरीच्या पहिल्या फेरीला काही कमी पडू नये म्हणून. लेक चार पावलांवर मागच्या चाकात हवा भरत होती. काका पलीकडे फोनवर ओरडत होता.

आता नीट ऐका, कारण इथून पुढे मी एकही थाप मारणार नाही.

नवा फिल्टर कोरडाच बसवायचा असतो. मग हातपंप दाबत राहायचं. एक, दोन, तीन, असे दोनशे दाब. त्याने डिझेल माझ्यातून वर चढतं, फिल्टरच्या कडेच्या बारीक भोकांतून आत जातं, कागदातून गाळलं जातं आणि मधल्या मोठ्या भोकातून बाहेर पडतं. सोबत अडकलेली हवाही निघते. हात भरून येतो, पण दुसरा रस्ता नाही. मास्तर नेहमी मोठ्याने मोजायचे.

त्या दिवशी ते अडतिसावर थांबले.

मी खालून बघत होते. अंगठा दाबायचा प्रयत्न करत होता आणि पंप हलत नव्हता. त्यांनी डावा हात लावून बघितला, जागा अडचणीची, तो पोचेना. कपाळावरून घामाचा थेंब माझ्या काचेवर पडला.

"दादा, झालं का?" काका ओरडला. "खोकी चढवायला माणसं येतील आता!"

"झालंच," मास्तर म्हणाले.

आणि त्यांनी फिल्टर परत काढला. केबिनच्या मागे एक जुना कॅन असायचा, तोंडाला चिंधी कोंबलेला. त्यातलं डिझेल त्यांनी फिल्टरमध्ये ओतलं. मधल्या मोठ्या भोकातून. तिथून पटकन भरतो ना! भरलेला फिल्टर बसवला तर दाब द्यावे लागत नाहीत.

पण मित्रांनो, मधलं भोक म्हणजे गाळून झालेल्या डिझेलचं दार. तिथून ओतलेलं न गाळताच पुढे जातं. तळाशी मातीची साय धरलेलं, चिंधीचे धागे तरंगणारं ते डिझेल आता थेट माझ्या बहिणींकडे निघालं होतं. हे मास्तरांना ठाऊक नव्हतं असं समजू नका. दुसऱ्या ड्रायव्हरांना याच गोष्टीवरून त्यांनी दहा वेळा झापलं होतं. ओतताना त्यांनी डोळे मिटले होते. मी पाहिलं.

मला ओरडायचं होतं. पण काच आयुष्यात एकदाच ओरडते, फुटताना.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीने मला काढलं, झाकणात थेंब बघितले. सगळे पास. मला बसवलं, चक्री फिरवली आणि बरोबर जिथे थांबायचं तिथे थांबली. तिची बोटं दुधाची राहिली नव्हती. मास्तर बाजूला उभे होते. तोंड उघडलं, मिटलं, आणि म्हणाले, "सावकाश जा."

अर्धा रस्ता छान गेला. वर पिल्लांची शाळा भरलेली, लेक त्यांच्या सुरात सूर मिसळत होती. मग मोठा चढ लागला. चढाच्या मध्यावर पहिला ठोका पडला. ठक्. मग ठक्-ठक्. पाठीमागे काळा धूर. लेकीने गिअर खाली घेतला, तरी गाडी मुंगीच्या पावलानेही चालेना. माझ्या दोघी बहिणींच्या तोंडात कण अडकला होता, फवारा जाऊन नुसती धार लागली होती. वळणाच्या अलीकडे ट्रक थांबला.

ऊन डोक्यावर. लेक खाली उतरली, चाकाला दगड लावला, माझ्याकडे वाकून बघितलं. मी स्वच्छ! तिने हातपंप दाबून बघितला, नळीत हवा अडकलेली नव्हती. मग ती धावत वर चढली, ताडपत्री सोडली, आतली खोकी कडेला ओढली, पुठ्ठ्याने वारा घालू लागली. एका हाताने वारा, दुसऱ्या हाताने फोन. दुसरी गाडी यायला अडीच तास लागले. वरचा आवाज हळूहळू कमी होत गेला. तो आवाज कमी होणं मी अजून विसरले नाही. मधल्या थरातली सहा खोकी पूर्ण गप्प झाली. लेकीने ती एकटीने उतरवली, रस्त्याच्या कडेला ओळीने ठेवली आणि त्यांच्याजवळ बसून राहिली. रडली नाही. नुसता पुठ्ठा हातात धरून बसली.

ट्रक ओढून गॅरेजमध्ये आणला. पंप-नोझलचं काम करणारा मिस्त्री म्हणजे जाड भिंगांचा चष्मा आणि मोजके शब्द. त्याने चारही बहिणींना बाहेर काढलं, एकेकीला टेस्टरवर लावून दाब दिला. पहिलीने धुकं सोडलं. दुसरीने धार. तिसरीने धुकं. चौथी नुसती गळली, लहान मुलाची लाळ गळते तशी.

"बघ!" काका लेकीवर गरजला. "टाकी तळाला नेली असणार हिने. नाहीतर कुठल्यातरी भलत्या पंपावर डिझेल भरलं. पिल्लांचा मालक काय म्हणाला माहितेय? ही गाडी परत पाठवू नका. दादा, किल्ली दे इकडे. विषय संपला."

मिस्त्रीने मान हलवली. मला काढून उजेडात धरलं. "वाटी स्वच्छ. टाकीही बघितली, स्वच्छ." मग त्याने फिल्टरचा डबा कापला आणि कागदाच्या घड्या उलगडल्या. "गंमत बघा. घाण कागदाच्या बाहेरच्या बाजूला असायला हवी. इथे आतल्या बाजूला आहे. म्हणजे कोणीतरी फिल्टर मधल्या भोकातून भरलाय." त्याने चष्मा कपाळावर चढवला. "फिल्टर कोणी बसवला?"

मी टेबलावर होते. तिथून तिघांचेही चेहरे दिसत होते.

मास्तर जमिनीकडे बघत होते. लेकीने वडिलांकडे बघितलं. त्यांच्या उजव्या हाताकडे बघितलं. घरी चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात, शर्टाची बटणं आई लावून देते, हे सगळं तिला त्या क्षणी एकदम आठवलं असणार. तिचा चेहरा आधी पांढरा पडला, मग शांत झाला.

"मी," ती म्हणाली. "मी बसवला."

 काकाने नुसता हात पुढे केला, किल्लीसाठी.

मी मास्तरांकडे बघत राहिले. बोला, म्हटलं. सतरा वर्षं थेंब तपासलेत, आता एक वाक्य बोला.  ते उठले, टेबलाशी आले आणि मला उचललं. "वाटी मीच बसवतो," एवढंच पुटपुटले. बहुतेक हातांना काहीतरी काम हवं होतं. ते ट्रकपाशी उकिडवे बसले, मला कमानीत ठेवलं आणि चक्री फिरवू लागले.

फिरवू लागले आणि थांबेचनात. जिथे थांबायचं ती जागा गेली. बोटाला कळलं नाही. अजून एक फेरा. माझ्या कडेत कळ उठली. अजून अर्धा.

आणि मी ओरडले.

'कट्ट!' असा आवाज गॅरेजभर झाला. वरपासून खालपर्यंत मला चीर गेली. माझ्या कडेने मास्तरांचं बोट कापलं, रक्त कोपरापर्यंत ओघळलं, आणि मास्तर अजून चक्रीच फिरवत होते. त्यांना कापल्याचं कळलंच नव्हतं.

लेक धावली. "बाबा! बाबा, रक्त!"

मास्तरांनी स्वतःच्या हाताकडे असं बघितलं, जणू तो दुसऱ्या कोणाचा आहे. मग खाली बसकण मारली.

"मिस्त्री, पोरगी खोटं बोलतेय," ते म्हणाले. "फिल्टर मी बसवला. मधल्या भोकातून भरला. दाब देता येईना मला. पाच महिने झाले, बोटांना काही कळतच नाही. सांगितलं असतं तर किल्ली गेली असती. म्हणून..." त्यांचा आवाज चिरकला, माझ्यासारखाच. "म्हणून मी हिची किल्ली जाऊ देत होतो."

 काकाने खिशातून रुमाल काढला, भावाच्या बोटाला गुंडाळला आणि गाठ मारताना पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाला, "दादा, मी काय एवढा वाईट आहे का रे, की मला सांगता आलं नाही?"

लेक वडिलांसमोर उकिडवी बसली. "मी चार पावलांवर होते बाबा," ती म्हणाली. "नुसती हाक मारायची होती."

 

मित्रांनो, पुढचं सगळं गोड झालं असं सांगितलं तर ती माझी सगळ्यात मोठी थाप होईल. मास्तरांचा हात डॉक्टरांनी तपासला. मानेतली नस दाबली गेली होती. लवकर दाखवलं असतं तर बरं झालं असतं, असं म्हणाले. आता ते स्टिअरिंगवर बसत नाहीत. पिल्लांच्या मालकाने अजून गाडी बोलावलेली नाही, ट्रक सध्या पुठ्ठे वाहतो. ती सहा खोकी परत बोलणार नाहीत. पण किल्ली लेकीकडे आहे, काकाने स्वतः दिली. आणि तो केबिनमागचा कॅन लेकीने भोक पाडून फेकून दिला.

माझ्या जागी नवी वाटी आली, प्लास्टिकची. टिचकी मारली तर 'टिण्' नाही, 'थड' करते. असो, मी काही बोलत नाही. मी मिस्त्रीच्या फळीवर असते. चिरलेल्या वाटीत डिझेल राहत नाही, पण तांब्याचे वायसर, त्या भोकाच्या चकत्या, छान राहतात. फिल्टर बदलायला ट्रक इथेच येतो, तेव्हा मी फळीवरून बघते. लेक हातपंप दाबते आणि मास्तर शेजारी उकिडवे बसून मोजतात.

"एकशे ऐंशी... एकशे एक्याऐंशी... एकशे ऐंशी..."

"बाबा, मागे गेलात!"

"मास्तर कोण आहे इथे? दाब."

मित्रांनो, तुमच्या घरी, दारी, गाडीत जे काही चालतं, त्याच्या वाटीत रोज सकाळी डोकावून बघा. तळाशी साचलेलं ओतून द्या. गाळणी वेळेवर बदला आणि ती बरोबर दारातूनच भरा, कितीही घाई असो. हे सगळं कोणीही सांगेल. मी फुटलेली वाटी, मला एकच गोष्ट जास्तीची माहीत आहे. कधीतरी अडतिसाव्या दाबाला हात थांबेल, तुमचाही थांबेल. तेव्हा डोळे मिटून मधल्या भोकातून ओतू नका. मान वर करा आणि हाक मारा. कोणीतरी चार पावलांवर चाकात हवा भरत असतं.